शब्दाची जात त्याच्या कामावरून ओळखावी
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आज मी तुमच्यापुढे इंग्रजी शब्दांच्या जातींविषयी बोलणार आहे. विषयाचे नाव ऐकून मागच्या रांगेतील काही विद्यार्थ्यांनी दाराकडे पाहिले, हे माझ्या लक्षात आले आहे. पालकांपैकीही काहींच्या मनात आले असेल की, आम्हाला इंग्रजीचे अक्षर येत नाही, आमच्यापुढे हे व्याकरण कशाला? माझे म्हणणे असे आहे की हा विषय जितका विद्यार्थ्यांचा आहे तितकाच पालकांचा आहे. ज्या आईला इंग्रजी येत नाही ती आईदेखील आपल्या मुलाला क्रियापद ओळखायला शिकवू शकते. ते कसे, हे सांगण्यासाठीच मी उभा आहे.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी उद्यमनगरातील एका कारखान्यात कामानिमित्त गेलो होतो. तेथे सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा यंत्रावर उभा होता. मिस्त्रीने त्याला हाक मारून सांगितले, "याला दोन होल ड्रिल मार, मग ग्राइंड कर आणि चेक करून दे." मुलाने ते काम इतक्या सफाईने केले की मी पाहतच राहिलो. चौकशी केली तेव्हा कळले की तो दहावीत इंग्रजीत नापास झाला आणि नंतर शाळेत गेलाच नाही. मी त्याला विचारले, "कशात अडलास?" तो म्हणाला, "सर, ते व्हर्ब ओळखा, नाउन ओळखा, त्यातले काही कळत नव्हते." मित्रांनो, मिस्त्रीच्या त्या एका वाक्यात होल सोडता ड्रिल, ग्राइंड आणि चेक असे तीन इंग्रजी शब्द होते. तिन्ही इंग्रजीत क्रियापदे म्हणून रोज वापरली जातात. तो मुलगा दिवसभर हाताने क्रियापदे चालवत होता. कागदावर ती त्याला ओळखता आली नाहीत, कारण ती ओळखायची कशी हे त्याला कोणी समजावून दिले नव्हते.

आपल्याकडे हा विषय पाठांतराने शिकवण्याची सवय आहे. नाउन म्हणजे नाम, व्हर्ब म्हणजे क्रियापद, अशी आठ नावे मुले घोकतात. मग शब्दांच्या याद्या घोकतात. 'रन' क्रियापद, 'बुक' नाम, 'गुड' विशेषण. परीक्षेत मात्र 'आय बुक अ टिकेट' असे वाक्य येते आणि मूल गोंधळून जाते, कारण यादीत 'बुक' नाम होते. मूल चुकत नाही, यादी चुकते. इंग्रजी शब्दाला जन्माने जात नसते. वाक्यात तो जे काम करतो त्यावरून त्याची जात ठरते. आजच्या व्याख्यानातून एवढी एकच गोष्ट घरी नेली तरी पुरे आहे.

आपल्या सर्वांच्या परिचयाचा एक शब्द घेऊ. इंग्रजीत रोजाला 'फास्ट' म्हणतात. त्याच अक्षरांचा 'फास्ट' म्हणजे वेगवान, हेही तुम्हाला ठाऊक आहे. आता ही चार वाक्ये ऐका.

१. द फास्ट बिगिन्स ॲट डॉन. (रोजा पहाटे सुरू होतो.)
२. वी फास्ट इन रमजान. (रमजानमध्ये आम्ही रोजे ठेवतो.)
३. महालक्ष्मी एक्स्प्रेस इज अ फास्ट ट्रेन. (महालक्ष्मी एक्स्प्रेस ही वेगवान गाडी आहे.)
४. माय ब्रदर रन्स फास्ट. (माझा भाऊ वेगाने धावतो.)

चारही ठिकाणी शब्द तोच, लेखन तेच, उच्चार तोच. पहिल्या वाक्यात तो एका गोष्टीचे नाव आहे, म्हणून नाम. दुसऱ्यात आपण काय करतो ते सांगतो, म्हणून क्रियापद. तिसऱ्यात गाडी कशी आहे ते सांगतो, म्हणून विशेषण. चौथ्यात धावण्याची रीत सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. आता कोणी विचारले की 'फास्ट' हा शब्द कोणत्या जातीचा, तर शहाण्या विद्यार्थ्याने उलट विचारावे, "कोणत्या वाक्यातला?"

तुम्ही म्हणाल, ही इंग्रजांची भाषा मोठी विचित्र. पण आपल्या मराठीतही हे आहेच. "मैदानावर खेळ सुरू झाला" यात 'खेळ' नाम आहे. "बाळ, तू खेळ" यात तोच शब्द क्रियापद आहे. "त्याने मार खाल्ला" आणि "चेंडू जोरात मार". "त्याचे बोल खरे ठरले" आणि "खरे बोल". "त्याने धाव घेतली" आणि "लवकर धाव". ही वाक्ये बोलताना आपण कधी अडखळत नाही. "मुलगी चांगली आहे" आणि "मुलगी चांगली गाते" यांतील 'चांगली' या शब्दाची कामे वेगळी आहेत, हे आपल्या कानाला न शिकवता कळते. म्हणजे जे ज्ञान इंग्रजीसाठी लागते ते मुलाच्या डोक्यात आधीच आहे. ते फक्त इंग्रजी वाक्याकडे वळवायचे आहे.

आपल्या घरांतून आणखी एक भांडवल आहे, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. आपली मुले घरी दखनी बोलतात, बाहेर मराठी बोलतात, शाळेत मराठी किंवा उर्दू शिकतात आणि मकतबात अरबी अक्षरे गिरवतात. ही चार भाषांची शिदोरी फार थोड्या समाजांच्या मुलांना मिळते. अरबी व्याकरणात शब्दांच्या जाती तीनच मानल्या आहेत. इस्म म्हणजे नाव, फेल म्हणजे क्रिया आणि हर्फ म्हणजे या दोहोंत न बसणारे जोडणारे शब्द. आठव्या शतकात बसरा येथे सिबवैह नावाचा मूळचा इराणी विद्वान होऊन गेला. त्याची मातृभाषा अरबी नव्हती. तरीही अरबी व्याकरणाचा सर्वांत मोठा ग्रंथ त्यानेच लिहिला, आणि त्याचा आरंभ याच तीन जातींपासून केला. परक्या भाषेचे व्याकरण आपल्याला जमणार नाही असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने हे नाव लक्षात ठेवावे.

आपल्या मुलुखात संस्कृत परंपरेत यास्काने नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार भाग मानले. इंग्रजीने आठ जाती ग्रीक व लॅटिन व्याकरणांवरून घेतल्या. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेही इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होते. आज मराठीच्या पुस्तकात मुले नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी अशा ज्या आठ जाती शिकतात, त्या इंग्रजीच्या आठ जातींच्या सख्ख्या बहिणी आहेत. मराठीच्या तासाला शिकलेले इंग्रजीच्या तासाला उपयोगी पडते ते यामुळेच. अलीकडची इंग्रजीची पुस्तके 'अ', 'अन', 'द' यांसारख्या शब्दांचा वेगळा गट करतात, एवढाच फरक.

जाती किती मानाव्यात, यात विद्वानांचे मतभेद आहेत आणि राहतील. आपल्याला महत्त्वाचे हे की प्रत्येक भाषेची जात दाखवण्याची रीत निराळी आहे. अरबीत शब्दाचा साचा बोलतो. किताब, कातिब, मकतब, मक्तूब हे सारे शब्द लिहिण्याशी संबंधित असलेल्या एकाच मुळापासून निघाले, पण साचा बदलला की कातिब म्हणजे लिहिणारा आणि मक्तूब म्हणजे लिहिलेले झाले. मराठीत शब्दाची शेपटी बोलते. 'खेळतो', 'खेळली', 'खेळाने', 'खेळात' यांच्या शेवटावरूनच नाम कोणते आणि क्रियापद कोणते ते कळते. इंग्रजीत शेपट्या थोड्या. तेथे शब्दाची जागा बोलते. शब्द कोणाच्या शेजारी उभा आहे, हे पाहावे लागते. आपली मुले मराठीच्या सवयीने शब्दाच्या अंगावर खूण शोधतात, ती सापडत नाही आणि ती घाबरतात. खूण शेजारी आहे, हे त्यांना सांगितले पाहिजे.

आता क्रियापदाकडे येऊ. वाक्य हे घर मानले तर क्रियापद ही त्याची तुळई आहे. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. "सलमा रोज सकाळी शाळेत चालत जाते." शेवटचा शब्द धरा, काम झाले. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग, वाक्याच्या मध्यावर येते. "सलमा वॉक्स टू स्कूल एव्हरी मॉर्निंग." ते हुडकण्याची एक सोपी कसोटी आहे. तिला मी कालची कसोटी म्हणतो. वाक्यात 'आज' किंवा 'रोज' काढून 'काल' घाला आणि कोणता शब्द बदलतो ते पाहा. "सलमा वॉक्ड टू स्कूल यस्टर्डे." वॉक्सचे वॉक्ड झाले, म्हणून तो क्रियापद. आता दुसरे वाक्य. "वी गो फॉर अ वॉक." यातही 'वॉक' आहे. काल घाला. "वी वेन्ट फॉर अ वॉक." बदलला तो 'गो', 'वॉक' जागचा हललाच नाही. म्हणजे येथे 'वॉक' नाम आहे आणि त्याच्यापुढे बसलेला 'अ' हा त्याचा साक्षीदार आहे.

कसोटीला अपवादही आहेत. 'कट', 'पुट', 'हिट', 'शट' अशी काही क्रियापदे काल घातला तरी बदलत नाहीत. अशा वेळी कर्ता बदलून 'ही' किंवा 'शी' घ्या आणि वाक्य रोजचे करा. "आय कट द पेपर" चे "शी कट्स द पेपर" होते. 'स' चिकटला, चोर सापडला. 'रीड' या शब्दाची तर गंमत आहे. लेखन तेच राहते आणि भूतकाळात उच्चार मात्र 'रेड' होतो.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. मुले घोकतात, "क्रिया दाखवणारा शब्द म्हणजे क्रियापद." ही अर्धीच व्याख्या आहे. कोल्हापुरात राहून 'कुस्ती' या शब्दात किती क्रिया आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. धोबीपछाड आहे, ढाक आहे, घिस्सा आहे. तरी "खासबाग मैदानात कुस्ती झाली" या वाक्यात 'कुस्ती' नाम आहे आणि क्रियापद आहे 'झाली'. उलट "बाळ झोपले" यात काहीच हालचाल नाही, तरी 'झोपले' क्रियापद आहे. आपल्या मराठी व्याकरणाने व्याख्येचा उरलेला अर्धा भाग दिला आहे: वाक्याचा अर्थ पूर्ण करतो तो शब्द क्रियापद. हा अर्धा भागच अधिक मोलाचा आहे.

इंग्रजीत 'रन', 'कट', 'पुश', 'थ्रो', 'वॉश' ही कृतीची क्रियापदे झाली. डोळ्यांना दिसतात, हातांनी करून दाखवता येतात. त्यांच्याखेरीज स्थितीची क्रियापदे आहेत: 'इज', 'हॅव', 'नो', 'वॉन्ट', 'लाइक'. ही करून दाखवता येत नाहीत, पण तीही वाक्य पूर्ण करतात. यांच्या बाबतीत आपली मुले दोन ठरावीक चुका करतात. पहिली चूक, "माय फादर मेकॅनिक." मराठीत "माझे वडील मेकॅनिक" म्हटले तरी चालते, 'आहे' गिळला तरी कोणी रागावत नाही. इंग्रजीत मात्र 'इज' नसेल तर वाक्यच उभे राहत नाही. दुसरी चूक, "आय ॲम नोइंग". हे कोठून आले? "मला माहीत आहे" यातील 'आहे' मुलाने इमानाने 'ॲम' करून नेला. इंग्रजीत "आय नो" एवढेच पुरते. शिक्षकांना माझी विनंती आहे की अशी चूक दिसली की नुसती लाल रेघ मारू नका. ती मराठीतून कशी आली ते मुलाला दाखवा. मूल मूर्ख नाही, ते आपल्या भाषेशी इमान राखते आहे, हे त्यालाही कळेल आणि चूक पुन्हा होणार नाही.

तिसरी अडचण त्या कारखान्यातल्या मुलाची. आपण इंग्रजी क्रियापद मराठीत किंवा दखनीत आणतो तेव्हा त्याला 'करणे' किंवा 'मारणे' जोडतो. चेक कर, फोन कर, पेंट मार, ड्रिल मार. म्हणजे आपल्या तोंडी आल्यावर इंग्रजी क्रियापदाचे नाम होते आणि क्रियापदाचे काम 'कर' करू लागतो. मग मूल इंग्रजीत परत जाताना त्या 'कर'चे 'डू' करून सोबत नेते आणि "आय ॲम डू चेक" असे लिहिते. त्याला एवढेच सांगायचे की इंग्रजीच्या दारात हा 'कर' बाहेर ठेवायचा. "आय चेक", "आय ड्रिल", "आय पेंट". आपण 'रोजा ठेवतो' म्हणतो तेथे दोन शब्द लागतात. इंग्रजी एकट्या 'फास्ट'वर भागवते.

मग 'डू' लागतो कोठे? प्रश्नात आणि नकारात. क्रियापद ओळखणे हे केवळ गुणांसाठी नाही, हे येथे दिसते. एखाद्याला "तू रोजे ठेवतोस का?" असे विचारायचे असेल तर "डू यू फास्ट?" असे म्हणावे लागते. तेथे "आर यू फास्ट?" म्हटले तर "तू वेगवान आहेस का?" असा अर्थ होतो. पहिल्यात 'फास्ट' क्रियापद, म्हणून 'डू' आला. दुसऱ्यात विशेषण, म्हणून 'आर' आला. ज्याला जात ओळखता आली नाही त्याला साधा प्रश्न विचारता येत नाही आणि साधा नकार देता येत नाही. उद्या मुलाखतीला बसल्यावर हेच आडवे येते.

'इंग' लागलेल्या शब्दांविषयी एक इशारा. 'इंग' दिसला की क्रियापद, असे समजू नका. "ही इज फास्टिंग टुडे" यात 'इज फास्टिंग' मिळून क्रियापद आहे, कारण आज त्याचा रोजा आहे. "फास्टिंग टीचेस पेशन्स", म्हणजे रोजा सबुरी शिकवतो, यात 'फास्टिंग' नाम आहे आणि क्रियापद आहे 'टीचेस'. मराठीत 'पोहणे', 'धावणे' ही जशी क्रियेची नावे होतात, तसेच हे. शंका आली तर काल घाला: "फास्टिंग टॉट", म्हणजे बदलला तो 'टीच'.

बाकीच्या जातींवर फार वेळ घेत नाही, कारण क्रियापद सापडले की उरलेले शब्द आपोआप आपापल्या जागी बसतात. ज्याच्यापुढे 'अ', 'द' किंवा 'माय' ठेवता येतो तो बहुधा नाम. त्या दोघांच्या मध्ये बसून कसा, कोणता, किती ते सांगतो तो विशेषण. क्रिया कशी, केव्हा, कोठे झाली ते सांगतो तो क्रियाविशेषण. याच्या शेवटी पुष्कळदा 'ली' असतो, पण त्यावर विसंबू नये. 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' ही विशेषणे आहेत. आणि 'हार्ड'चा अनुभव तर ऐकण्यासारखा आहे. एका तरुणाने नोकरीच्या अर्जात आपण फार कष्ट करतो हे सांगण्यासाठी "आय हार्डली वर्क" असे लिहिले होते. त्याचा अर्थ होतो, "मी जवळजवळ काम करीतच नाही." अर्ज पाठवण्याआधी तो मला दाखवला म्हणून निभावले. "आय वर्क हार्ड" असे पाहिजे होते. तेथे 'हार्ड' स्वतःच क्रियाविशेषण आहे, त्याला 'ली'ची गरज नाही.

शब्दयोगी अव्ययाची जागा मात्र नीट ध्यानात ठेवा. मराठीत ते नामाच्या पाठीमागे येते, इंग्रजीत नामाच्या पुढे. "रंकाळ्याजवळ" याचे "नियर रंकाळा". "टेबलाखाली" याचे "अंडर द टेबल". 'मशिदीत' मधला 'त' हा मराठीत प्रत्यय आहे, पण इंग्रजीत तेथेही स्वतंत्र शब्दच पुढे उभा राहतो: "इन द मॉस्क". मराठी वाचणारे मूल हे उलटे चालणे एकदा समजून घेईल तर त्याची निम्मी वाक्ये सुधारतील.

आता पालकहो, तुमच्याकडे वळतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. तुमच्यापैकी अनेकांच्या वाट्याला ते पाचवीत आले असेल, काहींच्या वाट्याला आलेच नसेल. त्यामुळे मुलाच्या वहीत डोकावायला तुम्हाला संकोच वाटतो आणि मुलालाही ते कळते. मग वही मिटते आणि आपण शिकवणीची फी भरून मोकळे होतो. माझी सूचना अशी की रोज दहा मिनिटे ती वही उघडावी. मुलाला धड्यातील एक वाक्य मोठ्याने वाचायला आणि त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगायला लावावे. मग तुम्ही, मराठीत किंवा दखनीत, पाच प्रश्न विचारावेत. काय केले, किंवा काय आहे? उत्तर देणाऱ्या शब्दावर बोट ठेव, ते क्रियापद. कोणी केले, कशाला केले? ती नामे किंवा सर्वनामे. कसला, किती? ते विशेषण. कसे, कधी, कोठे? ते क्रियाविशेषण, किंवा शब्दयोगी आणि नाम यांची जोडी. आणि शेवटचा प्रश्न, काल घातल्यावर कोणता शब्द बदलतो? या पाच प्रश्नांत इंग्रजीचा एकही शब्द नाही. अम्मीला ते विचारता येतात, दादीलाही येतात. उत्तर शोधण्याचे काम मुलाचे.

आणि कृतीची क्रियापदे शिकण्यासाठी तर पुस्तकही लागत नाही. स्वयंपाकघरात वॉश, पील, कट, ग्राइंड, फ्राय, स्टर, पोर अशी डझनभर क्रियापदे रोज घडत असतात. आईने कांदा चिरावा आणि मुलीने म्हणावे, "माय मदर कट्स ॲन अनियन." काल काय केले ते उद्या सकाळी सांगावे. अब्बांनी गॅरेजमधली पाच कामे सांगावीत, मुलाने त्यांची इंग्रजी क्रियापदे शोधावीत. मुलाला इंग्रजी येते आणि बापाला काम येते; दोघांनी मिळून एक यादी करावी. ती यादी त्या घराची स्वतःची असेल आणि तिच्यातील शब्द मूल विसरणार नाही, कारण ती कामे त्याने घरच्यांच्या हातून होताना पाहिली आहेत. मुलगा आणि मुलगी दोघांनाही या दहा मिनिटांत सारखे बसवा, एवढे मात्र बजावून सांगतो. मुलीला चूल सांभाळायला आणि मुलाला वही सांभाळायला, अशी वाटणी करू नका.

आपण ज्या नगरीत बसलो आहोत तेथे राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम समाजातील मंडळींना एकत्र करून शिक्षणसंस्था उभी करून दिली, तिचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले आणि आपल्या मुलांसाठी मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचे पाऊल उचलले. माणसाची योग्यता जन्मावरून ठरवू नये, त्याला काम करण्याची संधी द्यावी, हे त्यांनी आयुष्यभर कृतीने सांगितले. आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र आपणच कधी कधी जन्मावरून निकाल देतो. "आमच्या घरात कोणी शिकलेले नाही, याला इंग्रजी कोठून येणार?" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. उद्यमनगरातल्या त्या मुलाविषयीही कोणीतरी हेच म्हटले असणार.

त्या मुलाला मी नंतर भेटलो. कारखान्यातल्याच एका फळकुटावर खडूने 'ड्रिल' लिहिले आणि त्याला दोन वाक्ये दिली: "दिस इज अ ड्रिल" आणि "आय ड्रिल अ होल". काल घालायला सांगितले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "दुसऱ्यातला बदलतो, पहिल्यातला नाही." मी म्हणालो, "तुला व्हर्ब ओळखता येतो." त्याने पुन्हा परीक्षेचा अर्ज भरला. पुढचे श्रम त्याचे होते. माझे काम तेवढ्या दोन वाक्यांचे होते.

शेवटी एकच गोष्ट आठवून देतो. पैगंबरांवर, सल्लल्लाहु अलैहि व सल्लम, उतरलेल्या वहीचा पहिला शब्द 'इक्रा' आहे, वाच किंवा पठण कर. मकतबात जाणाऱ्या लहान मुलालाही तो ठाऊक असतो. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर तो फेल आहे, आणि त्यातही आज्ञेचा. आज घरी गेल्यावर मुलाला विचारा की या शब्दाची जात कोणती. ते उत्तर देईल. मग लगेच त्याची इंग्रजीची वही उघडा आणि त्यातले पहिले क्रियापद शोधायला सांगा.